सव्वादोन इंच

वादळ सरले त्या सकाळी, म्हणजे १९५२ सालच्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेला, कुंभकोणममधल्या मठाच्या गल्लीत तेवीस घरे होती आणि तेवीसही उभी होती. त्यांची कौले मात्र बहुतेक रस्त्यावर होती. नारळाची झाडे आदल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत सतरा होती. त्यांतली सोळा आडवी झाली: नऊ रस्त्यावर, पाच परसांत, एक विहिरीच्या कठड्यावर आणि एक विठ्ठलमठाच्या स्वयंपाकघरात, छपरातून थेट चुलीपर्यंत. विजेचे खांब चार, त्यांपैकी सरळ एक. मेलेले कावळे एकतीस. ते पंकजाने दोनदा मोजले, कारण पहिल्या खेपेला तीस भरले होते आणि शून्याने संपणाऱ्या आकड्याचा तिला भरवसा वाटत नसे. माणसे सगळी होती. गोपालकृष्णरावांची गाय तेवढी सापडत नव्हती. ती दहाच्या सुमारास मठाच्या ओसरीवर सापडली, कोरडी ठणठणीत, भजनाच्या सतरंजीवर रवंथ करत बसलेली.

पंकजा वीस वर्षांची होती. त्याच उन्हाळ्यात ती पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि मोजता येण्यासारखी गोष्ट न मोजता सोडून देणे तिला ताटात अन्न टाकण्यासारखे वाटे. ओला पदर खोचून ती गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, वहीत आकडे मांडले, आणि परत येऊन स्वतःच्या घरासमोर थांबली. उभे राहिलेले सतरावे झाड तिथे होते.

झाड घरचे म्हणायचे, पण होते आत्याचे. एकोणतीस वर्षांपूर्वी मीनाक्षीआत्याचा नवरा वारला आणि ती सुंदरपेरुमाळ कोयिलच्या सासरहून भावाच्या घरी आली, तेव्हा आगगाडीत तिच्या मांडीवर कोंब फुटलेला एक नारळ होता. सासरच्यांनी तो दिला असेही नव्हे. निघताना तिने तो परसातून उचलला होता, एवढेच. स्टेशनातून ती आली, पाय धुतले, आणि कोणाशी काही बोलायच्या आधी अंगणाच्या कडेला, शेजाऱ्याच्या हद्दीलगत, खड्डा खणून बसली. घरात तिची खोली नव्हती, पेटी होती ती भावजयीची जुनी, भांडी तर घरचीच. नारळ मात्र तिचे. एकादशीला मठात किती पाठवायचे, बाळंतिणीकडे कोणता द्यायचा, भांडलेल्या शेजारणीला द्यायचा की नाही, हे ती ठरवी आणि त्यात तिचा भाऊसुद्धा तोंड घालत नसे. आता गल्लीत दुसरे झाड उरले नव्हते. नवी रोपे लावली तरी फळ धरायला सहा-सात वर्षे. आत्याने हा हिशेब बहुधा पंकजाच्या आधी केला होता, कारण ती सकाळपासून झाडाच्या बुंध्याशी उभी होती आणि तिचा चेहरा सणासुदीसारखा होता.

"बघितलंस की?" ती म्हणाली. "एकटं उभं राहिलं."

"वाकलंय, आत्या."

"ते जन्मापासून तसंच आहे."

इथेच पेच होता. झाड शेजारच्या चंद्रमौलींच्या घराकडे कललेले होते आणि त्याचा शेंडा त्यांच्या छपराच्या कोपऱ्यावर आला होता. वादळाआधी ते किती कललेले होते हे कोणी कधी मोजले नव्हते. वाऱ्याच्या बाजूला बुंध्याजवळ जमिनीला एक भेग गेली होती, लांबी एक फूट दोन इंच. ती भेग काल होती की नव्हती, हेही कोणाला सांगता येईना.

चंद्रमौली दुपारी आले. नाचियार्कोविलच्या ओताऱ्यांकडून पितळी समया घेऊन त्या कुंभकोणमच्या बाजारात विकायच्या हा त्यांचा धंदा. माणूस सज्जन, पण हातात कायम एखादी समई तोलत असल्यासारखा, जपून बोलणारा. पंकजाचे वडील सत्यनारायणराव, म्हणजे घरातले अप्पा, ओट्यावर ओल्या पोथ्या वाळत घालत होते.

"सत्यनारायणराव, तुमचं झाड माझ्या घरात डोकावतंय."

"ते पहिल्यापासून डोकावतं. तुमच्याकडे आज काय शिजलं ते पाहतं आणि अक्काला येऊन सांगतं."

"थट्टा नको. त्या कोपऱ्याखाली माझी म्हातारी आई निजते. तिला उठता येत नाही, दुसरी खोली कोरडी राहिलेली नाही. हे झाड आलं तर तिच्यावरच येणार."

अप्पांच्या हातातली पोथी तशीच राहिली. ते बहिणीकडे पाहू लागले. आत्या बुंध्याजवळून हलली नाही, पण तिने चंद्रमौलींच्या छपराच्या कोपऱ्याकडे पाहिले. म्हातारीला ती रोज संध्याकाळी जाऊन नामावळी म्हणून दाखवत असे.

"मामा," पंकजा म्हणाली, "ते वादळात वाकलं की आधीच तसं होतं, हे आता कळायचं नाही. पण ते अजून वाकतंय की नाही, हे कळेल."

"कसं?"

"मोजून."

झाड उभे आहे तर मुळांनी जमीन धरली आहे की सुटत चालली आहे, एवढाच प्रश्न आहे, असे तिने सांगितले. सुटत असेल तर खोड दिवसादिवसाला थोडे थोडे खाली येईल. ओली जमीन वाळायला दोन आठवडे लागतील. पंधरा दिवस रोज सकाळी मोजायचे.

चंद्रमौलींनी विचार केला. "एक बोटभर जरी सरकलं तरी तोडायचं."

"बोट कोणाचं, मामा?"

"माझं."

अप्पांनी त्यांच्या बोटांकडे पाहिले. "तुमचं असेल तर आमची हरकत नाही. केळ्याएवढी आहेत."

शेवटी एक इंच ठरला. चंद्रमौलींनी आणखी एक अट घातली: ओळंबा त्यांचा. दोरीला बांधलेल्या दगडावर त्यांचा विश्वास नव्हता. ते घरी गेले आणि ओताऱ्याने नमुना म्हणून दिलेला, मुठीएवढा, खाली सुईसारखे टोक असलेला पितळी ओळंबा घेऊन आले. म्हातारीची खाट त्यांनी तोवर दारापर्यंत ओढून घेतली, आणि त्या बाजूच्या भिंतीला आतून दोन टेकू दिले.

दुसऱ्या दिवशी रंगा आला. तो झाडावर चढून नारळ उतरवणारा, आणि त्या आठवड्यात सगळ्या गावाला हवा असलेला माणूस. रस्त्यावरची झाडे तोडता तोडता तो पाच मिनिटांसाठी आला, बारा फुटांवर खोडाभोवती तांब्याची तार आवळून दिली, तिच्या आकड्याला दोरी लावली आणि गेला. दोरीच्या टोकाला ओळंबा. तो लोंबला तो चंद्रमौलींच्या अंगणात, हद्दीपासून तीन फुटांवर, त्यांच्या दारासमोर. जिथे त्याचे टोक स्थिरावले तिथे पंकजाने चिंचेच्या लाकडाची करंगळीएवढी खुंटी जमिनीच्या सपाटीपर्यंत ठोकली आणि तिच्या माथ्यावर सुईने एक ठिपका पाडला. बुंध्यापासून मोजण्यात अर्थ नव्हता. बुंधा मुळ्यांनी फुगलेला, वेडावाकडा. तिथून घेतलेले माप इंच-दीड इंच सहज इकडेतिकडे झाले असते. आता रोज सकाळी साडेसहाला, वारा पडलेला असताना, ओळंबा सोडायचा आणि त्याचे टोक ठिपक्यापासून किती ढळले ते पाहायचे. मोजून झाले की दोरी गुंडाळून ओळंब्यासकट खोडाला बांधून ठेवायची.

पहिला दिवस, शून्य. दुसरा दिवस, शून्य. तिसऱ्या दिवशी एक अष्टमांश इंच, पण त्या दिवशी वारा होता आणि चौथ्या दिवशी पुन्हा शून्य आले.

ते दिवस एरवी वाईट गेले नाहीत. पडलेल्या सोळा झाडांचे नारळ गल्लीभर वाटले गेले होते आणि नारळ न घातलेला पदार्थ शोधून सापडत नव्हता. पंकजाची आई वादळाआधी तिरुविसनल्लूरला बहिणीकडे गेली होती ती रस्ता उघडल्यावर आठव्या दिवशी बैलगाडीने आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "घरात पाऊल टाकायच्या आधीच खोबऱ्याचा वास आला." मठात छपराला भोक होते तरी संध्याकाळचे भजन सुरू झाले. कौलांचे ढीग करून ज्याची त्याला ओळखून देण्याचा प्रयत्न दोन दिवस चालला, मग लोकांनी तो सोडला आणि जे हाताला येईल ते चढवले. गल्लीतली सगळी छपरे आता थोडी थोडी एकमेकांची झाली होती.

चंद्रमौली रोज साडेसहाला दारात येऊन उभे राहात. "काय म्हणतं?" ते विचारत. "शून्य म्हणतं, मामा," पंकजा सांगे. दहाव्या दिवसापासून ते ओट्यावर बसून विचारू लागले. बाराव्या दिवशी आतूनच ओरडून विचारले. आत्या काही विचारत नसे. माप चालू असताना ती तुळशीला पाणी घालत असे आणि पंकजाने वही मिटल्यावरच तांब्या खाली ठेवत असे. चौदाव्या दिवशीही शून्य आले. ठरलेला शेवटचा दिवस उद्याचा. रंगालाही चंद्रमौलींनी उद्याच बोलावले होते. त्याला सवड तेव्हाच होती. तोडायचे ठरले तर तोडायला, नाही तर सुकलेल्या झावळ्या काढायला.

तो दिवस सोळा तारखेचा, मंगळवारचा, धनुर्मासाचा पहिला. पहाटे मठात टाळ वाजत होते आणि घराघरातून मुगाच्या हुग्गीचा, म्हणजे खिचडीचा, वास येत होता. वादळानंतर चिखलामुळे कोणी धड रांगोळी काढली नव्हती. उंबऱ्यापुढे चार ठिपके घातले की झाले. पण धनुर्मास म्हणजे धनुर्मास. पंकजा बाहेर आली तर चंद्रमौलींचे अंगण हद्दीपासून पलीकडच्या ओट्यापर्यंत सारवलेले, आणि त्यावर एकवीस ठिपक्यांची रांगोळी, एक रेघ हललेली नाही. कृष्णवेणीमामींचा, म्हणजे चंद्रमौलींच्या पत्नीचा, हात गल्लीत प्रसिद्धच होता. मध्यभागी शेणाच्या गोळ्यात खोचलेले भोपळ्याचे पिवळे फूल होते. वादळाने सगळे वेल झोडपले असताना हे फूल त्यांनी कुठून मिळवले कोण जाणे. ते त्यांनी पंकजाच्या खुंटीच्या माथ्यावर बसवले होते.

पंकजाला हसू आले. ती रेघा चुकवत चवड्यांवर आत गेली, फूल गोळ्यासकट अलगद उचलून बाजूला ठेवले, खुंटीचा माथा पुसला आणि ओळंबा सोडला.

तो स्थिर होईपर्यंत ती उकिडवी बसून राहिली. मग फूटपट्टी लावली. मग पट्टी काढून पुन्हा लावली. मग ओळंबा हाताने धरून, सोडून, पुन्हा थांबून तिसऱ्यांदा लावली.

सव्वादोन इंच. चंद्रमौलींच्या भिंतीच्या बाजूला.

आतून आवाज आला, "काय म्हणतं?"

पंकजाने वर पाहिले. आत्या तुळशीशी तांब्या धरून उभी होती. अप्पा ओट्यावर होते. पट्टीवरच्या इंचाच्या आठ-आठ रेघा रोज वाचणारे तिच्याखेरीज कोणी नव्हते, आणि गेले चौदा दिवस तिने जे सांगितले ते सगळ्यांनी मानले होते. आत खाटेवर म्हातारी खोकली.

"सव्वादोन इंच," पंकजा म्हणाली.

चंद्रमौली बाहेर आले. ओट्याच्या कडेला थांबून त्यांनी आधी झाडाकडे, मग छपराकडे पाहिले. त्यांना आनंद झाला नव्हता. "एका रात्रीत?"

"एका रात्रीत."

मग आत्याने तांब्या खाली ठेवला.

"इंच ठरला होता," ती म्हणाली. "मग तोडा. शब्द दिलाय."

"अक्का, अजून एक दिवस—"

"एक दिवस कशाला, सत्या? ते काय तुझ्यावर पडणार आहे की माझ्यावर? पडणार तर त्या बाईवर." ती पदराने हात पुसू लागली, आणि हात कोरडे झाल्यावरही पुसत राहिली. "नारळ आधी उतरवून घ्या. वरून टाकायचे नाहीत, दोरीने सोडायचे. वर्ष पुरवायचे आहेत ते."

तेवढ्यात रंगा आला, कमरेला कोयता, खांद्यावर दोर. काय झाले ते त्याला सांगितले. तो तमिळच बोलत असे आणि कमी बोलत असे. त्याने बुंध्यावर पाय ठेवला, दाबला, काढला.

"हे हललेलं नाही," तो म्हणाला.

"मोजलंय," चंद्रमौली म्हणाले. "सव्वादोन इंच."

"माझ्या पायाला कळलं असतं."

"पायाचं शास्त्र नको आता, रंगा. ही पोर कॉलेजात शिकलेली आहे."

"मी पण याच झाडावर शिकलो," रंगा म्हणाला आणि चढला.

नारळांचे घोस दोरीने एकामागून एक खाली आले. आत्या ते स्वतः सोडवून घेत होती. पंकजा बाजूला वही धरून उभी होती. नारळ मोजायचे म्हणून मोजत होती, त्रेचाळीस. पण मन आकड्यात नव्हते. चौदा दिवस शून्य आणि पंधराव्या दिवशी सव्वादोन, मध्ये ना पाऊस, ना वारा. असे होते का? तिला वाचलेले काही आठवेना. झाड काही तिने वाचलेले नव्हते, हेही खरे होते.

वरून रंगाने झावळ्यांतून मान काढली. "अम्मा, रांगोळी इथून बघायला पाहिजे," तो कृष्णवेणीमामींना म्हणाला. "देवळाच्या गोपुरावरून कमळ दिसावं तशी. आणि ती खुंटी अगदी मधोमध."

मामी दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले, मग प्रसंग आठवून त्यांनी ते आवरले.

पंकजा मात्र तशीच राहिली. मधोमध. खुंटी कुठे ठोकायची हे झाडाने ठरवले होते: बारा फुटांवरून ओळंबा जिथे पडेल तिथे. रांगोळीचा मध्य कुठे यायचा हे दाराने आणि हद्दीने ठरवले. झाड आणि दार यांची तर कधी बोलणी झाली नव्हती. तरी दोन्ही एकाच जागी, केसभर फरक नाही?

ती पुन्हा चवड्यांवर आत गेली आणि खुंटीपासून रांगोळीच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पट्टी लावत गेली. दोन फूट साडेदहा इंच. दोन फूट साडेदहा. दोन फूट साडेदहा. चौथाही तेवढाच.

"मामी," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "ही खुंटी तुम्ही काढली होती का?"

"काढली की. सारवताना केरसुणी अडकत होती."

"मग?"

"मग काय, तुझी वस्तू ती, टाकून कशी देऊ? धुतली, परत ठोकली. वरवंट्याने, चांगली पक्की."

"कुठे ठोकली?"

"मधल्या ठिपक्यावर. तिथंच होती की ती, जरा कडेला. आज पहिला दिवस, फूल मधोमध नको का बसायला?"

चंद्रमौली ओट्यावरून खाली उतरले. "अगं, ते माप होतं."

"माप ते नव्हे, माप ते." मामींनी ओळंब्याकडे बोट केले. "मला कळत नाही होय? पंधरा दिवस बघते आहे. त्या दोरीला, त्या पितळेला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. वरून दव पडेल म्हणून पहाटे लांबून दिवा धरून पाहिलं, नीट बांधलेलं आहे ना. खुंटी म्हणजे आपली खाली खूण. दोन बोटं इकडे काय, तिकडे काय, झाडाचं काय बिघडतं?"

"झाडाचं बरंच बिघडत होतं," अप्पा म्हणाले. "कोयता आला होता."

मामींनी रंगाच्या कोयत्याकडे पाहिले, मग आत्याकडे. काय झाले असते ते त्यांच्या आत्ता लक्षात आले. त्यांचा हात तोंडावर गेला.

"मीनाक्षीवन्सं," त्या म्हणाल्या, "मी मुद्दाम नाही—"

"रांगोळी फार सुरेख आली आहे," आत्या म्हणाली. "मी पहाटेच पाहिली."

चंद्रमौलींनी घसा साफ केला. त्यांना आपली बाजू सोडायची नव्हती, आणि पंकजाला वाटले, त्यांनी सोडूही नये. खाट त्यांच्या आईची होती. "हिने खुंटी हलवली हे मान्य. पण किती हलवली? दोन बोटं ही म्हणते. हिची बोटं, माझी बोटं. झाड अर्धा इंच सरकलं असेल आणि बाकीचं हिनं केलं असेल. किंवा दीड इंच सरकलं असेल."

"बरोबर आहे, मामा."

"मग आता कसं कळणार?"

"जुनं भोक सापडलं तर कळेल. सारवणाखाली असणार ते."

एवढे बोलून ती रांगोळीकडे पाहू लागली. भोक सापडायचे तर सारवण खरवडावे लागणार, आणि सारवणावर रांगोळी होती. धनुर्मासाच्या पहिल्या दिवशीची रांगोळी दिवस मावळेपर्यंत कोणी पुसत नाही. पायही लागू देत नाहीत. गल्लीतल्या लहान पोरांनासुद्धा हे सांगावे लागत नाही. अप्पा पोथ्यांकडे पाहू लागले. रंगा वर झावळ्या तोडण्यात गर्क झाला. "उद्या पाहू," आत्या म्हणाली. "उद्यापर्यंत काही पडत नाही."

कृष्णवेणीमामी आत गेल्या. परत आल्या त्या पाण्याचा गडवा घेऊन, पदर कमरेला खोचून.

"कोणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "माझी मी पुसते."

त्या रांगोळीत शिरल्या, खुंटीशी बसल्या आणि ओल्या तळव्याने सारवण पुसू लागल्या. आधी मधले कमळ गेले. मग भिंतीकडच्या दोन पाकळ्या. पीठ आणि शेण एकत्र होऊन त्यांच्या बोटांना लागत होते. वीतभर जागा मोकळी झाली तेव्हा खालची जुनी माती दिसली, आणि मातीत, खुंटीएवढा, शेणाने भरलेला एक गोल.

"हे?"

"हेच असेल, मामी."

मामींनी अंबाड्यातला आकडा काढून दिला. पंकजाने त्याने भोक कोरून स्वच्छ केले. ते साडेतीन इंच खोल होते, खुंटीच्या लांबीएवढे. तिने खुंटी उपसून त्यात घातली. ती हलकेच आत जाऊन बसली. माथ्यावरचा ठिपका वर आला.

"सोड की ओळंबा," चंद्रमौली म्हणाले.

"आता नाही. रंगा वर आहे."

"रंगा, उतर."

रंगा सावकाश उतरला. उतरल्यावर झाड थोडे झुलले आणि थांबले. पंकजाने दोरी मोकळी केली. बारा फुटांचा लोलक. एका हेलकाव्याला जवळजवळ चार सेकंद. पितळ पुसलेल्या कमळावरून मागेपुढे जात राहिले आणि सगळे त्याच्याकडे पाहात राहिले. फक्त आत्या नाही. ती नारळांच्या ढिगाशी बसली होती. रंगाचे दोन तिने आधीच वेगळे काढले होते, ते हक्काचे. मग पाच मठाचे. मग एक चांगला मोठा, पाणी वाजणारा, हातात घेऊन तिने कानाशी हलवून पाहिला.

"कृष्णवेणी," ती म्हणाली, "हा म्हाताऱ्या बाईंना. खोबरं पातळ आहे, त्यांना चाववेल."

"आधी माप तर होऊ दे, अक्का," अप्पा म्हणाले.

"मापाचा आणि नारळाचा काय संबंध? नारळ माझा आहे."

मामींनी शेणाचे हात तसेच पुढे केले आणि नारळ घेतला. चंद्रमौली नाकावर चष्मा चढवून रांगोळीच्या कडेला गुडघे टेकून बसले होते. त्यांनी धोतर चिखलातून उचलण्याचाही प्रयत्न केला नव्हता.

"थांबला," ते म्हणाले. "थांबला ना?"

"अजून एक मिनिट, मामा."

मग पंकजा पुढे झाली. तिने पट्टी लावली, वाचली, आणि पट्टी चंद्रमौलींच्या हातात दिली. त्यांनीही लावली. त्यांना वेळ लागला. मग त्यांनी पट्टी परत केली आणि रंगाला म्हणाले, "झावळ्या काढल्यास ना सगळ्या? मग झालं," आणि म्हातारीला चहा झाला का ते पाहायला आत गेले.

पंकजाने वही मांडीवर घेतली आणि पंधराव्या ओळीतला आकडा एका रेघेने खोडून शेजारी लिहिले:

१६ डिसेंबर, मंगळवार. सकाळी आठ पस्तीस. वारा नाही. झाडावरचे नारळ उतरवल्यानंतर. खूण जुन्या जागी. सरक: शून्य इंच. संभाव्य चूक एक अष्टमांश इंचाच्या आत.